शून्याचा स्क्रू

आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला, आणि हे मी कुणी न विचारताही सांगतो. कर्जत तालुक्यातल्या कोरडवाहू गावातून नगरला येऊन फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालो आणि सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला राहुरीजवळ बियाणे तपासणीच्या एका प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागलो. त्याच आठवड्यात माझ्या बरोबरीने आणखी एक जण लागला. तो पुण्याचा, वडील प्राध्यापक. त्याच्या शर्टाची कॉलर संध्याकाळीही सकाळसारखीच असायची. माझं त्याच्याशी भांडण नव्हतं. असतं तर बरं झालं असतं.

बियाणं उगवतं की नाही हे पाहायला आमच्याकडे एक मोठं उबदार कपाट होतं. आत ओल्या कागदावर ज्वारी-बाजरीचे दाणे मांडायचे, ठरलेल्या तापमानात ठेवायचे आणि कोंब मोजायचे. या कपाटाला नवा परदेशी टेंपरेचर कंट्रोलर येणार अशी बातमी आली, त्याच दिवशी मी तो मनाने माझा धरला. सुट्टीत घरी गेल्यावर तसं बोलूनही बसलो. वडिलांनी लगेच पारावर सांगून टाकलं की पोरगं आता परदेशी मशीनवर हाय.

खोकं उघडलं तेव्हा आम्ही दोघंही टेबलाशी उभे होतो. वर इंग्रजी माहितीपुस्तक होतं. आमच्या साहेबांनी ते उचललं आणि त्याच्या हातात दिलं. क्षणभर विचार करण्याचा देखावाही केला नाही. मला म्हणाले, तुम्ही काचेच्या ताटल्या धुऊन घ्या. इंग्रजी मलाही वाचता येत होतं. सावकाश वाचायचो, पण शेवटपर्यंत वाचायचो.

पुढचे दोन दिवस तो खुर्ची ओढून त्या यंत्रापुढे बसला आणि मी नळाशी उभा राहून त्याची पाठ पाहत होतो. यंत्राला दोन धातूच्या कांड्या होत्या, एक वरच्या फळीवर, एक खालच्या. कुठल्या कांडीचं तापमान मोजायचं ते एका बटणावर ठरे. तापमान किती चढलं की घंटा वाजावी ते लाल काट्याने ठरे. आणि बाजूला एक बारीक स्क्रू होता, शून्याचा. कांडी वितळत्या बर्फात धरायची आणि काटा बरोबर शून्यावर येईपर्यंत तो स्क्रू फिरवायचा. एकदा हे शून्य बसलं की पुढची सगळी मोजणी त्याच्या भरवशावर. हे मी कॉलेजातच शिकलो होतो. तो मात्र बोटाने ओळ धरून साहेबांना वाचून दाखवी आणि साहेब मान डोलवत. ज्या दिवशी बर्फाचं काम होतं, त्या दिवशी मी चहाला म्हणून गेलो तो मुद्दामच उशिरा परतलो. मला ते पाहवलं नसतं.

यंत्र सुरू झालं. काटा तिसावर उभा राहिला, हलेना. साहेब खूश. पण ज्वारीचे कोंब वेळेवर येईनात. कपाटाच्या दारात आमचा जुना काचेचा थर्मामीटर लटकत होता, तो पाच-सहा अंश कमी दाखवी. मी ते बोललो. त्यावर तो म्हणाला, जुना आहे, चुकत असेल. साहेबही म्हणाले, चुकत असेल. नव्या यंत्राला खोटं म्हणायची कुणाची तयारी नव्हती, आणि ते मी म्हणतोय म्हटल्यावर तर नाहीच. मी का म्हणतोय हे दोघांनाही दिसत असणार.

मी शिपाईमामांना गाठलं. बर्फ त्यांनी आणला होता. विचारलं, कुठून आणला?

"कुठून म्हंजे? बर्फाच्या वखारीतला संपलेला. मग स्टँडावरच्या कुल्फीवाल्याकडनं आनला."

"त्याच्या हंड्यातला?"

"व्हय. कुल्फी काडली आन् खालचा दिला. बर्फच हाय की, सायेब."

कुल्फीवाल्याच्या हंड्यात बर्फाबरोबर मीठ असतं. त्याशिवाय कुल्फी धरत नाही. मिठाचा बर्फ शून्याच्या पाच-सहा अंश तरी खाली जातो, आणि आमच्या पुणेकराने त्या थंडीलाच शून्य म्हणून स्क्रू बसवला होता. तीस म्हणत म्हणत कपाट पंचविसाच्या आसपासच चाललं होतं. मला इतका आनंद झाला की मी आधी ओसरीवर जाऊन पाणी प्यालो.

त्याला सांगितलं ते सगळ्यांसमोर. वाटलं होतं चेहरा उतरेल. तो पोट धरून हसला. "म्हणजे ज्वारीला आपण कुल्फीत बसवलं होतं," म्हणाला, आणि स्वतःच साहेबांकडे जाऊन, चूक माझी, पकडली यानं, असं सांगून मोकळा झाला. मग चांगला बर्फ आला, शून्य पुन्हा बसलं, थर्मामीटर आणि यंत्र एक बोलू लागले. बर्फाचं भांडं मी धरलं होतं. स्क्रू त्यानेच फिरवला.

साहेब म्हणाले, चूक कबूल करायला धाडस लागतं. मी वाट पाहिली. पकडायला काय लागतं, त्यावर काहीच आलं नाही. म्हणून मीच विचारलं, की आता यंत्र कुणाकडे?

"त्यांच्याकडेच," साहेब म्हणाले. "तुम्हाला बियाणं कळतं, त्यांना यंत्र कळतं."

"साहेब, फिजिक्सला मला त्याच्यापेक्षा जास्त मार्क आहेत. बियाणं मला घरून आलंय. ते मी नोकरीत मागितलेलं नाही."

साहेबांनी चष्मा पुसला, पुन्हा घातला. म्हणाले, बरं, एक आठवडा यांनी बघावं, एक आठवडा तुम्ही.

"मी हेच सुचवणार होतो," तो म्हणाला.

अजूनही ते वाक्य आठवलं की माझ्या दातांखाली खडा येतो. भांडून मिळवलेलं अर्धं, आणि तेही त्याने दिल्यासारखं झालं. मला अर्धं नको होतं. घेतलं.

माझ्या पहिल्या सोमवारी सकाळी पाहिलं तर यंत्राच्या प्रत्येक बटणाखाली कागदाची पट्टी चिकटवलेली, त्यावर त्याच्या वळणदार अक्षरात मराठी. वरची कांडी. खालची कांडी. धोक्याची घंटा. माझ्या सोयीसाठी. मी ओलं फडकं घेऊन त्या काढायला लागलो.

"ऱ्हाऊ द्या की, सायेब," शिपाईमामा म्हणाले. "मला बी वाचाया येतंय."

मी काढल्याच. मग मामांना सगळ्या बटणांची इंग्रजी नावं शिकवत बसलो. आठवडा त्यातच गेला, पण शिकवली ती मी.