व्हायवाच्या दिवशी अमल काहीच बोलली नाही

मागच्या मंगळवारी माझा आणि अमलचा एम.फार्मचा व्हायवा होता.

अमल सुदानची. दोन वर्षांपासून गारखेड्यात आमच्याच घराच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहते, माझ्याच वर्गात आहे. मराठी तिला बऱ्यापैकी समजतं, पण बोलते ती इथली हिंदी... "मेरेकू", "नक्को", सगळं आपल्यासारखं.

सकाळी साडेआठला तिला बोलवायला वर निघाले, तर ती तयार होऊन जिन्यातच बसलेली. डोळे लाल. मी म्हटलं, रात्रभर वाचत बसलीस ना? ती "हौ" म्हणाली आणि स्कूटीवर मागं बसली.

दिवस नुसता पळापळीचा. त्यात तिच्या राहण्याच्या परवान्याची मुदतही त्याच दिवशी संपत होती. बाइंडिंगवाल्याकडून थिसिसच्या प्रती आणायच्या, मग व्हायवा, मग कॉलेजचं बोनाफाईड, मग घरमालक म्हणून आईची सही, आणि शेवटी सगळे कागद घेऊन पोलिसांच्या परदेशी नागरिक विभागात हजर व्हायचं...

व्हायवात मी दोनदा अडखळले. अमल एकदाही नाही. बाहेरून आलेले सर तिच्यावर इतके खूश झाले की उठून उभे राहिले. ती थँक्यू म्हणाली, फाईल उचलली आणि बाहेर आली.

पाच वाजता परवान्याचं काम झालं. मी खूप खूश होते... वर्गातल्या चौघांनी रात्री शहागंजकडं नान-खलिया खायचं ठरवलं होतं. मला वाटलं अमल दमली म्हणून नाही म्हणेल. पण ती लगेच म्हणाली, "चलो ना."

हॉटेलात आम्ही नुसता गोंधळ घातला. परीक्षकांच्या नकला, फोटो, रील. अमल माझ्याशेजारी बसून नानचे बारीक बारीक तुकडे करत होती. एकही तोंडात टाकत नव्हती, हे मला आत्ता लिहिताना जाणवतंय. तेव्हा जाणवलं नाही.

उलट मीच म्हटलं, "अमल, आईला व्हिडिओ कॉल लाव ना. सांग, लेक मास्टर झाली म्हणून."

ती उठली. बेसिनवर जाऊन बराच वेळ हात धूत राहिली, आणि मग तशीच बाहेर निघून गेली.

मी मागं गेले. शेजारच्या बंद दुकानाच्या पायरीवर ती बसली होती. रस्त्यावर हीऽऽ गर्दी, हॉर्न... मी तिच्या शेजारी बसले.

"अम्मी गई," ती म्हणाली.

मला कळलंच नाही. मी विचारलं, "कुठं गेली?"

तिनं माझ्याकडं नुसतं बघितलं. मग कळलं.

तिचा भाऊ कैरोला असतो. पहाटे त्याचा व्हॉइस मेसेज आला होता. आई तीन दिवसांपूर्वीच गेली होती... तिकडं युद्ध चालू, नेटवर्क नाही, म्हणून निरोप यायला तीन दिवस लागले. शुगरची औषधं संपली होती आणि कुठं मिळेनात. कब्रस्तानापर्यंत जाणं शक्य नव्हतं, म्हणून शेजाऱ्यांनी घराच्या अंगणातच दफन केलं.

"मैं फार्मसी पढ़ी," ती म्हणाली. एवढंच.

मी विचारलं, सकाळी सांगितलं का नाहीस? ती म्हणाली, सांगितलं असतं तर मी व्हायवाला उभीच राहू शकले नसते. परवाना गेला असता तर जायला दुसरं घरही नाही. मी म्हटलं, मग रात्री इथं तरी कशाला आलीस? "मेरेकू खोली में अकेले नहीं बैठना था."

दोन आठवडे तिचं घरच्यांशी बोलणं झालेलं नाही, हे तिनं मला सांगितलं होतं. मी विसरले होते... आणि कॉल लाव म्हणाले.

बाकीच्यांना काय सांगितलं आठवत नाही. स्कूटी तिथंच ठेवली, रिक्षा केली.

आईला दारातच सांगितलं. आईनं गॅसवरचं दूध उतरवून ठेवलं. "आज इथं चूल पेटायची नाय," म्हणाली. "दुखवट्याचं घर हाय हे." मग अमलला धरून आत नेलं आणि सतरंजी अंथरली.

शेजारच्या शबाना खालांना मी बोलावून आणलं. त्या कुराण घेऊन आल्या, पाठोपाठ त्यांच्या सुनेनं खिचडीचं पातेलं आणलं. हळूहळू गल्लीतल्या बायका येत गेल्या. आपल्याकडं बसायला येतात तशा येऊन बसल्या.

अमल तोवर रडली नव्हती. भिंतीला टेकून समोर बघत होती.

आईनं विचारलं, "बाई, तुझ्या आईचं नाव काय?"

"झैनब."

"काय करायची झैनबबाई?"

"शाळेत शिकवायची," अमल म्हणाली... मराठीत. मग तिचा बांध फुटला. आईनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. रडता रडता ती सांगत राहिली, अर्धं हिंदीत, अर्धं अरबीत. तिची आई वर्गातल्या मुलांना कशी रागवायची, दारातल्या झाडाखाली कशी चहा करायची... बायका ऐकत होत्या. अरबी कुणालाच कळत नव्हती, तरी कुणी उठलं नाही.

मी कोपऱ्यात बसले होते. दोन वर्षं आम्ही एका डब्यात जेवलो. मी तिला युद्धाबद्दल विचारलं, तिकडच्या जेवणाबद्दल विचारलं. तिच्या आईचं नाव मला त्या रात्री कळलं.

अमल पुढचे काही महिने इथंच आहे. आईच्या कबरीपाशी तिला कधी जाता येईल, कुणालाच माहीत नाही. त्या रात्रीपासून ती खाली आमच्याकडंच असते; तिला एकटं सोडून मीही झोपायला जात नाही, आई तर नाहीच.

त्या दिवशी आलेल्या गल्लीतल्या सगळ्या बायकांचे उपकार आहेत. ज्या झैनबबाईला कधी पाहिलं नव्हतं, तिच्यासाठी त्या पहाटेपर्यंत बसून राहिल्या.