सत्काराला बसवलेली पोरगी

कोडोलीजवळच्या आमच्या वृद्धाश्रमात ती आली तेव्हा जेमतेम तेवीस वर्षांची होती. कोरियातल्या तिच्या चर्चनं तिला सेवेसाठी पाठवलं होतं. मी तिथली नर्स. मिशनरी म्हटल्यावर मला वाटलं होतं, ही हातात बायबल घेऊन उपदेश करत फिरणार. पण ही पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना उरकायची आणि ओढणी कमरेला बांधून कामाला लागायची. चादरी बदलायची, आज्यांच्या वेण्या घालायची, नखं कापायची.

लकवा झालेल्या एका आजींना धड गिळता यायचं नाही. मऊ खिमट अर्धा चमचा भरवायचं, हनुवटी खाली धरायला लावायची, घास उतरला की पुढचा. घाई केली की ठसका. आम्हाला एवढा वेळ कुठला? आजी वाळत चालल्या होत्या. ही पोरगी रोज दुपारी त्यांच्याजवळ बसायची आणि वाटी संपेपर्यंत उठायची नाही. आजींच्या अंगावर मूठभर मांस चढलं.

आणि तेवढ्यात आमच्या लोकांना पाहुणचाराचा पुळका आला. परदेशातून कुणी आलंय म्हटल्यावर फेटा, शाल, नारळ आणि भाषणं यांतून त्याची सुटका नाही. आज बचत गट, उद्या तरुण मंडळ, परवा शाळा. कार्यक्रम हमखास दुपारी, कारण मागाहून जेवण. तिला खुर्चीत बसवायचं आणि तिला न कळणाऱ्या मराठीत सेवेचे गोडवे गायचे! इकडं आजी माझ्या हातून दोन चमचे घ्यायच्या आणि तोंड मिटायच्या. पुन्हा वाळायला लागल्या.

आश्रमाच्या चिटणीसांना मी सांगितलं, "दुपारी तिला नेऊ नका. आजी उपाशी राहतात."

"अवो सिस्टर, पावणी हाय ती. गावानं मान द्यायचा न्हाय व्हय? एक दिस दुसऱ्या कुणी चारलं तर काय बिघडतंय?"

एक दिवस म्हणे! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

एका रविवारी त्यांनी सत्कार आमच्याच अंगणात मांडला. तिसऱ्या वक्त्यानं माईक धरला, तशी ती उठली. सगळ्यांना हात जोडले आणि फेट्यासकट सरळ आजींच्या खोलीत आली. मी वाटी तिच्या हातात दिली. आजींनी फेट्याकडं बघितलं, हसल्या आणि तोंड उघडलं.

लगेच दारात गर्दी झाली. चिटणीस लालबुंद. "मॅडम, समदी खोळंबल्यात की! ह्यो गावाचा अपमान हाय."

तिनं मान वर न करता मोडक्या मराठीत सांगितलं, "आजी जेवते. थांबा."

तेवढ्यात तरुण मंडळाच्या अध्यक्षानं फोटोसाठी मोबाइल वर धरला. मग मात्र मी भडकले. हा माणूस आजींचा सख्खा भाचा. त्यांना इथं सोडून गेल्यापासून त्यानं या खोलीत पाऊल टाकलं नव्हतं.

"फोटो कसले काढताय? आत्ती हाय न्हवं तुमची? या, दोन घास चारा," मी सगळ्यांदेखत म्हटलं.

पोरीला काय समजलं कोण जाणे. तिनं सरकून जागा केली आणि चमचा त्याच्यापुढं धरला. आजी त्याच्याकडं बघत होत्या.

त्यानं मोबाइल खिशात घातला. "न्हाय जमायचं मला," तो म्हणाला. "भाईर पंगत बसलीया."