आक्कांचा माळ

माझ्या थोरल्या जावेला मी आक्का म्हणायचे. कराडच्या आमच्या घरात पुढच्या खोलीत त्या ब्लाउज शिवायच्या आणि मी हूक, काजं, साड्यांचे फॉल बघायचे. उरलेल्या तुकड्यांची गाठोडी कॉटखाली साठत जायची. आधी त्यांच्या वाकळा व्हायच्या. मग मी मोबाईलवर बघून चिंध्यांची चित्रं करायला शिकले. तुकड्याच्या पाठीला चिकट जाळी लावायची, हवा तो आकार कापायचा, जाड कापडावर मांडायचा आणि वरून इस्त्री फिरवायची. सगळं बसलं की खाली जुन्या चादरीचे थर घालून मशीन मारायची. भिंतीवर टांगायची वाकळच ती.

आक्कांना ते पटायचं नाही. "चिकटवलेलं टिकतंय व्हय? कापडाला टाका पायजेच," म्हणायच्या.

पुढं त्यांना पोटाचं दुखणं लागलं. शेवटी डॉक्टरांनी घरी न्यायला सांगितलं. मशीनचा आवाज कानावर हवा म्हणून त्यांनी कॉट पुढच्याच खोलीत घालायला लावली. एका दुपारी मी तुकडे निवडत होते, तेव्हा म्हणाल्या, "माझ्या म्हायेरचं कर की एक. आमचा माळ."

त्यांचं माहेर आटपाडीकडचं. वडलांची मेंढरं होती. मी तिथं एका लग्नाला तेवढी गेलेली, आणि मला मांडवाशिवाय काही आठवत नव्हतं. मग आक्का पडल्या पडल्या सांगायच्या आणि मी कापायचे. मी हिरवा तुकडा उचलला की चिडायच्या.

"आमच्याकडं कुठला गं एवढा हिरवा? हितल्यासारखा ऊस हाय का तिथं?"

विटलेल्या तपकिरी अस्तराची जमीन झाली. मळकट पांढऱ्या पॉपलिनची मेंढरं झाली. विहिरीच्या पाण्याला त्यांनी काळा खण मागितला. "पाणी काळं दिसायचं, पण लय ग्वाड. काठावर बाभळ घाल. तिच्या सावलीला आई भाकरी सोडायची."

शेवटचं मेंढरू त्यांना स्वतः चिकटवायचं होतं. इस्त्री उचलेना. मी त्यांच्या हातावर हात ठेवला आणि दोघींनी मिळून दाबली. त्याच आठवड्यात आक्का गेल्या.

दहाव्याला त्यांची आई आली. कापायच्या टेबलावर चित्र तसंच पसरलेलं होतं, मशीन मारायची राहिली होती. म्हातारीनं जवळ येऊन काळ्या खणावर बोट ठेवलं.

"ही आमची हीर."

"व्हय मावशी. आक्कांनीच सांगून करून घेतली."

"बुजवली गं ती. रस्ता रुंद केला तवा. बाभळबी गेली. मेंढरं तर तिच्या बापामागंच इकली."

मी विचारलं, "आक्कांना ठाव न्हवतं?"

"आजारी पडल्यापासनं तिचं येणंच झालं न्हाई. फोनवर इचारायची, आई, हिरीला पाणी हाय का? मी म्हणायचे, हाय बाई, काठोकाठ." एवढं बोलून ती खाली बसली आणि तिनं पदर तोंडाला लावला.

जाताना मी चित्राची घडी तिच्या पिशवीत घालायला गेले. "न्या मावशी. तुमचंच हाय हे."

"नगं. दारातनं बघितलं की डांबर दिसतंय, आन आत भिंतीवर ही. कसं व्हायचं माझं?" तिनं घडी माझ्या हातात परत दिली आणि दुपारच्या एसटीनं गेली.

ते मशीन मारून पुरं करायला मला फार दिवस लागले. आता ते पुढच्या खोलीत आहे. बायका विचारतात, कुठलं हे? आमच्या जाऊबाईंचं माहेर, मी सांगते. मग त्या आपापल्या मापाचं बोलायला लागतात.

ब्लाउज आता मीच शिवते. परवा एक जुनी गिऱ्हाईक आरशासमोर उभी राहून खांदा ओढत म्हणाली, "आक्कांसारखा गळा न्हाई बसला गं." मी ब्लाउज परत घेतला आणि उसवायला बसले.