उतरता आकडा

रुग्णालयाच्या तळमजल्यावरच्या प्रयोगशाळेत ताईंचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ. बावीस वर्षं रक्ताच्या नळ्या हाताळलेली बाई! यंत्रात घालण्याआधी त्या नळी दिव्यासमोर धरायच्या, वर साचलेल्या पिवळ्या पाण्याकडे बघायच्या आणि कावीळ किती ते सांगून टाकायच्या. यंत्र मग मुकाट्याने तेच छापायचं. यावरून त्या नव्या डॉक्टरांची यथेच्छ फिरकी घ्यायच्या.

त्यांचा धाकटा भाऊ पंखे दुरुस्त करायचा. कावीळ झाली म्हणून तो वरच्या मजल्यावर दाखल झाला. त्याची नळी ताईंनी दिव्यासमोर धरली आणि तशीच यंत्रात सरकवली.

यकृताच्या पेशी फुटल्या की त्यांच्यातलं द्रव्य रक्तात उतरतं. त्याचा आकडा चाळीसच्या आसपास असावा, भावाचा निघाला बत्तीसशे. दुसऱ्या दिवशी एकोणीसशे, मग आठशे. ताईंचा जीव भांड्यात पडला. रोज दुपारी भावजयीचा फोन यायचा.

"ताई, आज किती?"

"आठशे. उतरतोय गं."

"पण डोळे तर जास्तच पिवळे दिसताहेत."

"पिवळेपणा सगळ्यांत शेवटी जातो. जन्म गेला माझा यात."

त्यात खोटं काही नव्हतं, बहुतेकांचं तसंच होतं. पण यकृत खरंच काम करतंय का, हे कळतं रक्त गोठायला किती वेळ लागतो त्यावरून, आणि ती तपासणी शेजारच्या खोलीत व्हायची. परक्या रुग्णासाठी ताईंनी दहादा तिथे डोकावून विचारलं असतं. भावासाठी एकदाही गेल्या नाहीत. चांगली बातमी हातात होती, तिला नख लावायचा धीर त्यांना झाला नाही.

पाचव्या दिवशी आकडा आला अठ्ठ्याऐंशी. कागद घेऊन ताई स्वतःच जिना चढल्या. काल संध्याकाळी बायकोशी नीट बोललेला भाऊ आज गुंगीत होता. त्याने डोळे किलकिले केले आणि म्हणाला, "बाई, तुमचा पंखा उद्या मिळेल."

डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाहेर नेलं. ताईंनी सर्वांत जास्त छळलेली ती हीच पोरगी.

"ताई, रक्त गोठतच नाहीये. आकडा उतरला, कारण फुटायला पेशीच उरल्या नाहीत. आता दुसरं यकृत मिळालं तरच."

"माझं घ्या. आत्ता घ्या."

"तुमचा रक्तगट जुळत नाही, ताई. यादीत नाव घातलंय. पण त्याच्याकडे दिवस फार नाहीत."

आकडा असाही उतरतो, हे ताईंना ठाऊक नव्हतं थोडंच! दुसऱ्या कुणाचा असा कागद आला असता तर त्यांनी लाल पेनने गोल करून धावत वर पाठवला असता. स्वतःचा इतका संताप आला, पण तो काढायचा कुणावर? त्या जिन्यातच बसल्या.

तेवढ्यात फोन वाजला.

"ताई, आज किती?"

"अठ्ठ्याऐंशी," सवयीने तोंडातून गेलं.

पलीकडे भावजय हसत-रडत लेकीला सांगत होती, "अगं, बाबांचा आकडा शंभराच्या आत आला!"

"ऐक," ताई कशाबशा म्हणाल्या, "तू लगेच ये. पोरीलाही आण."

"सोडताहेत का त्यांना? मग घरी यायला त्यांचे कपडे घेऊन येऊ ना?"

ताईंनी सांगायला तोंड उघडलं. लेकीच्या टाळ्या फोनमधून ऐकू येत होत्या.

"आण," त्या म्हणाल्या.