बापूच्या पंख्यापेक्षा मोठा

हसायचं ते आत्ताच हसून घ्या. मागनं चहा नाकात गेला, तर मला बोल लावू नका!

गोष्ट नव्वद-पंच्याण्णवच्या मधली. वडगाव निंबाळकरला माझा गोठा आन माझा चुलतभाऊ बापू, त्याचा गोठा, पाठीला पाठ लावून. मधी हातभर बोळ, माझ्या दुसऱ्या अंगाला उसाचं रान. डेअरीत दर उन्हाळ्यात दुधाची स्पर्धा व्हायची. ज्याची गाय जास्त दूध देईल त्याला फेटा आन स्टीलची किटली. सलग तीन सालं माझी चांदणी पहिली! बापू दरसाल दुसरा. मला बापू लय आवडायचा हो, दुसरा होता तवर.

मग त्या साली बापूनं गोठ्यात पंखा बसवला. गाईला पंखा! समदं गाव बघून आलं. आमची बायको बी गेली.

"अवं, काय गार वाटतंय बापूभावजींच्या गोठ्यात! उठूच वाटंना."

"मग जा की तितंच ऱ्हायला!"

खोटं कशाला बोलू? जळलो. पार कोळसा झाला माझा. भाकरी गोड लागंना. बापू घरी न्हाय बघून त्याच्या गोठ्यात शिरलो, पावलं टाकून समदं मोजलं आन दुसऱ्या दिशी एष्टीनं बारामती गाठली.

दुकानदार शहाणा माणूस. नीट इचारत होता.

"तात्या, गोठा केवढा?"

"बावीस पावलं लांब, नऊ रुंद."

"खिडक्या?"

"माझ्या बाजूला एक."

"तुमच्या बाजूला? मग गोठा हाय कुणाचा?"

अरं तिच्या! मी बापूचाच गोठा सांगत होतो की! माझा तर त्याच्या निम्मा. पण आता माघार घ्यायची व्हय?

"तुमी पंखे दावा."

"वारं आत घ्यायचंय, का आतली हवा भाईर टाकायचीय?"

"बापूनं कुठला नेलाय?"

"आत वारं देणारा. अठरा इंची."

"मग मला दुसरा द्या. आन त्याच्याहून मोठा!"

दुकानदारानं कपाळाला हात लावला आन तीस इंची एक्झॉस्ट, म्हंजी आतली हवा भाईर फेकणारा, काढून दिला. कारखान्याच्या शेडात बसवत्यात तसला. एष्टीच्या टपावर चढवायला चार माणसं लागली.

वायरमन म्हणला, "तात्या, रस्त्याकडच्या भिंतीत बसवू. हवा मोकळ्यात जाईल."

"न्हाय. बोळाकडं बसव. बापूच्या खिडकीसमोर, तोंड तिकडं करून. त्याला उठता-बसता दिसला पाहिजे!"

बटन दाबलं. काय इचारता! पिठाची गिरणी आन मळणी मशीन एकदम चालू झाल्यागत आवाज. चांदणी दावं तोडून गव्हाणीवर चढली. संध्याकाळी धारंला बसलो, तर तिनं पान्हा चोरलेला. बारा लिटरची गाय आठावर!

मी म्हणलं, वारं कमी पडतंय. पंखा दिवसभर चालू ठेवला. चांदणी सहावर आली.

"बंद करा ते भूत," बायको म्हणली. "भ्याली हाय ती."

"गप! बापू बघतोय."

आन बघत होताच की! रोज खिडकीत उभा राहून हसायचा. मी म्हणलं, वरनं हसतोय, आतनं जळतोय. चौथ्या दिशी त्यानं सोताचा पंखा काढून घरात नेला. हरला गडी! मला त्या दिशी दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

स्पर्धेचा दिवस उजाडला. बापूची गाय पहिली. चांदणी? खालनं पहिली!

बापू फेटा बांधून माईकवर गेला. "मंडळी, ह्यो मान माझ्या दादांचा, आपल्या तात्यांचा हाय. माझ्या पंख्याचं वारं पुरत न्हवतं. दादांनी सोताच्या गाईचं दूध जाऊ दिलं, पण उसाकडचं गार वारं ओढून माझ्या गाईवर सोडलं. असला भाऊ हाय का कुणाला?"

म्हंजी इतके दिवस मी...? व्हय! तेच!

बापू मनापासून बोलत होता का खोडी काढत होता, देवाला ठाऊक. त्यानं फेटा काढून माझ्या डोस्क्यावर ठेवला. टाळ्यांचा कडकडाट! चेअरमननी डोळं पुसलं. बायकोनं तोंडात पदराचा बोळा कोंबला.

घरी येऊन पंखा दुसरीकडं फिरवावा म्हणलं, तर गावातली माणसं भावाची माया बघायला दारात उभी. आता कुठल्या तोंडानं फिरवायचा? बंद बी करता येईना! जरा बंद केला की बापू बोळातनं हाळी द्यायचा, "दादा, लय उकडतंय, सोडा की जरा वारं!" आन मी उठून बटन दाबायचो.

चांदणी मात्र आटत चालली. शेवटी काय करतो? तिचं दावं धरलं आन बापूच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"बापू," म्हणलं, "माझ्या पंख्याचं वारं खायला हिला तुझ्या गोठ्यात बांधू का रं?"