शकुनच्या गाडीचा पांढरा लाईट

शकुन अजून एकदा पडली की मनोज तिची गाडी विकणार होता. हे त्यानं माझ्या ओसरीत उभं राहून तिच्या तोंडावर सांगितलं. ती तेव्हा एका हाताला प्लास्टर घालून दुसऱ्या हातानं मला शेवंती निवडून देत होती. "बरं," एवढंच म्हणाली. शकुन "बरं" म्हणते तेव्हा तिनं ऐकलेलं असतं, मानलेलं असतंच असं नाही.

मनोज तिचा मुलगा. अमरावतीला मोबाईलच्या दुकानात आहे. मुलगा वाईट नाही, पण आईची काळजी वाटली की तो ओरडतो. त्याला दुसरी पद्धत ठाऊक नाही.

शकुनचं गाव दर्यापूरच्या रस्त्यावर. विहिरीवरचा मळा, त्यात झेंडू, शेवंती, थोडा निशिगंध. नवरा खुशालराव मळ्यात हुशार, पण गाडीला भितो. मागे बसला की डोळे मिटून घेतो. त्यामुळे फुलं अकोल्याच्या बाजारात न्यायची तर दुसऱ्याच्या मेटाडोरची वाट बघत बसायचं. मेटाडोरवाला उशिरा यायचा, पोती आपटायचा आणि वर तिलाच बोलायचा. चाळिशी उलटल्यावर एक दिवस ती शेजाऱ्याची मोपेड मागून खळ्यात घेऊन गेली आणि गुडघे फोडून घेत शिकली. बायका हसल्या, पुरुष जास्त हसले. पुढे तिनं स्वतःची गाडी घेतली. तेव्हापासून रोज अंधारात निघायचं, बाजार गाठायचा, आणि परतताना अकोल्यातच माझ्या घरी फुलं टाकून चहा प्यायचा. मी कॉलेजातून निवृत्त झालेली, एकटी राहणारी बाई. पहिल्यांदा आली तेव्हा मी भाव करायला लागले तर म्हणाली, "बाई, पेन्शन भेटते ना तुमाले? मंग काहून कटकट करता?" तेव्हापासून आमचं जमलं.

आता त्या पडण्याबद्दल. आमच्याकडचे रस्ते ज्यांनी पाहिले नाहीत त्यांना सांगायला हवं. मधे अरुंद डांबर, दोन्ही बाजूंना काळी माती. माती कोरडी असली की दगड, ओली असली की लोणी. समोरून मोठी गाडी आली की लहानानं डांबर सोडून खाली उतरायचं, असा इथला कायदा आहे. कुणी लिहिला नाही, पण सगळे पाळतात. पावसाळ्यात खाली उतरणं म्हणजे पडणंच. ऑगस्टात एका जीपनं शकुनला अशीच खाली घातली. मनगट मोडलं.

मनोजनं धमकी दिली आणि मग उपायही त्यानंच काढला. ऑनलाईन एलईडी बल्ब मागवला आणि गाडीचा पिवळा बल्ब काढून स्वतःच्या हातानं बसवला. "आता तू लांबून दिसशीन. मोठी गाडी समजून लोकंच बाजूले होतीन."

झालंही तसंच. प्लास्टर निघाल्यावर ती पुन्हा रस्त्यावर आली आणि जीपवाले, ट्रॅक्टरवाले तिला वाट देऊ लागले. शकुन खूश. एकदा फाटकाशी अंधारातच आली, तर मला डोळ्यांवर हात धरावा लागला.

"अगं, बंद कर तो लाईट!"

"बंद नाई होत, बाई. गाडी चालू तोवर लाईट चालू. नव्या गाड्याईचं असंच असते."

"मग खाली तरी कर."

तिनं डिपरचं बटण दाबून दाखवलं. वर काय नि खाली काय, सारखाच भडका. हे तिलाही दिसलं असणार. पण रोज कुणी ना कुणी बाजूला होत होतं आणि मनगट अजून ठणकत होतं. तिनं विषय बदलला. मीही बदलू दिला.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी ती बाजारात न जाता थेट माझ्याकडे आली ती चिखलानं माखून. लुगडं काळं, कोपर सोललेलं, मनगट पुन्हा सुजलेलं. मी पाणी तापवत होते आणि ती मोरीच्या नळाखाली झेंडू धूत सांगत होती.

रात्री पाऊस होऊन गेला होता. दसऱ्याचा झेंडू, म्हणजे वर्षाची सगळी आशा, पुढे एक पोतं, मागे दोन. समोरून पिकअप आला. त्याचेही दिवे पांढरे. शकुननं डांबर सोडलं नाही. तोही सोडेना. अंतर कमी होत चाललं, आणि त्या झगझगाटात तिला एक काळी रेघ हलताना दिसली. पिकअपच्या पुढ्यात, त्याच्याच बाजूनं, दुधाच्या कॅन लटकवलेली सायकल.

"मले दिसला, बाई. मांगून उजेड होता ना, म्हणून दिसला. त्या पिकअपवाल्याले काहून दिसून नाई राहिला, तेच समजेना. तो आपला तसाच येऊन राहिला. मंग समजलं. त्याच्या डोळ्यात मी होती."

तिनं डिपर दाबला. काही फरक नाही. हॉर्न दाबला, तर पिकअपवाल्यानं उलट जोरात हॉर्न दिला. त्याला वाटलं, बाई भांडते आहे. किल्ली फिरवली असती तर लाईट विझला असता, पण किल्ली पुढच्या पोत्याखाली दबलेली. तो उजेड त्याच्या डोळ्यांतून काढायचा एकच मार्ग उरला होता. तिनं हँडल डावीकडे, कपाशीच्या वावराकडे फिरवलं.

चाक मातीत गेलं, गाडी आडवी झाली, ती पोत्यांखाली. कानावर ब्रेकचा चिरका आवाज आला. तिनं मान वर केली तेव्हा पिकअप सायकलच्या अगदी मागे येऊन थबकला होता. मग तो बाजूनं निघून गेला, खाली न बघता. सायकलवाला एक पाय टेकून उभा होता. तिला वाटलं, आता येईल, हात देईल.

"तो काय म्हणाला, ठाव हाये? 'ओ बाई, लाईट खाली कर ना तो! माणसाले आंधळं करतं का?' अन् गेला निंघून."

मला हसू आलं. तिला आलं नाही.

"खोटं नाई बोलला तो," शकुन म्हणाली.

तेवढ्यात तिचा फोन वाजला. मनोज. दसऱ्यासाठी दुकानातून निघणार होता, संध्याकाळपर्यंत येतो म्हणाला. बाजार कसा झाला, आवाज असा काहून, सगळं ठीक ना? मी समोरून हातानं खुणा करत होते, सांगू नकोस, सण जाऊ दे. तिनं माझ्याकडे बघितलं आणि फोनमध्ये म्हणाली, "पडली मी."

पलीकडचा आवाज फोनबाहेर मलाही ऐकू आला.

"किल्ली मॅडमपाशी ठेव," मनोज म्हणाला. "मी येऊन गाडी नेतो."

तिनं किल्ली माझ्या टेबलावर ठेवली. मग ओसरीच्या पायरीवर बसली आणि दिवसभर तिथून हलली नाही. शकुनला मी कधी रिकामी बसलेली पाहिली नव्हती. गाडी गेली की पुन्हा मेटाडोर, पुन्हा त्या माणसाची बोलणी, हे तिनं सांगायची गरज नव्हती.

मनोज मोटारसायकलवर आला तो शकुनच्या गाडीचं गिऱ्हाईक ठरवूनच.

"तू खाली उतरलीच काहून? तुले वाट मिळावी म्हणून तर बल्ब लावला ना?"

"मधी सायकल होती."

"त्यानं पाह्यली असती त्याची त्यानं."

"त्याले दिसत नव्हती, बापा. तुया बल्बानं."

"आता माया बल्बाचं चुकलं! पिकअपचा लाईट काय साधा होता?"

"नसंन. पण तो माया हातात नव्हता."

"मी मापानं बसवला तो. मधातला माणूस दिसणार नाई, हे कसं शक्य हाये? तू घाबरली, हँडल सुटलं, सीधी गोष्ट हाये. उद्या ट्रकखाली जाशीन."

हे असं अर्धा तास चाललं. मला वाद ऐकण्याचा कंटाळा आहे. "तोंड बंद करा दोघं," मी म्हटलं, "आणि गाड्या काढा."

आमच्या कॉलनीमागं रिकाम्या प्लॉटांमधून एक रस्ता जातो. खांब आहेत, दिवे नाहीत. अंधारून आलं होतं. एका टोकाला शकुन मोपेड सुरू करून उभी राहिली. दुसऱ्या टोकाला मी माझी जुनी कार दिवे लावून उभी केली. मनोजनं मधे उभं राहायचं, मी चालत्या माणसाच्या वेगानं पुढे यायचं, तो दिसला की थांबायचं.

"हळू घ्या, मॅडम," तो म्हणाला. आवाजात हसू होतं.

मी कार पुढे घेतली. समोर पांढरा भडका, बाकी काही नाही. रस्त्याची कडही नाही. मी डोळे बारीक केले, मान वाकडी केली. मनोज अजून लांब असेल असं वाटलं. थोडी पुढे घेतली. पाय ब्रेकवरच होता. आत्ता दिसेल, आत्ता दिसेल म्हणत अजून थोडी घेतली.

धाडकन बॉनेटवर हात आपटला.

मी ब्रेक दाबला. मनोज बॉनेटला टेकून उभा होता. पलीकडे शकुन ओरडली, "मनोज!" आणि तिनं गाडी बंद केली. तेव्हा कुठे मला त्याचं तोंड दिसलं. पांढरं पडलेलं.

"मॅडम, मी दोन्ही हात हलवून राहिलो होतो."

"मला नाही दिसलास."

"अजिबात?"

"अजिबात."

शकुन धावत आली, त्याच्या दंडावरून, छातीवरून हात फिरवून बघितलं आणि मग पाठीत एक रट्टा दिला. "बाजूले नाई का होता येत तुले? उभा काय राह्यला खांबासारखा!"

"मले वाटलं, त्याईले दिसीन."

परत आल्यावर त्यानं पेचकस मागितला, माझ्या ओसरीतल्या दिव्याखाली मोपेडचा हेडलाईट खोलला आणि बल्ब काढून बाजूला ठेवला. मग गाडीला लटकलेली किल्ली काढून हातात घेतली. शकुन त्या हाताकडे बघत होती. त्यानं किल्ली तिच्या तळव्यावर ठेवली.

"सण झाला की दुकानात नेऊन नीट लाईट बसवून आणू. उद्या उजाडल्यावर फुलं मी नेतो, माया गाडीवर."

"तुया गाडीत कोणता बल्ब हाये?" शकुननं विचारलं.

मनोजनं पेचकस पुन्हा उचलला आणि फाटकाबाहेर उभ्या असलेल्या आपल्या मोटारसायकलकडे गेला.