ऑर्लो स्टिकनीचा नेम

ऑर्लो स्टिकनीइतका गरीब स्वभावाचा माणूस सगळ्या आयोवात शोधून सापडला नसता, आणि त्याने जितक्या लोकांना चेंडूने बडवलं तितक्यांना कुणी बडवलंही नसेल. कॉर्नेट फॉल्सच्या व्यावसायिक बेसबॉल संघात तो नऊ वर्षं पिचर होता. हिवाळ्यात शाळेची बस चालवायचा, उन्हाळ्यात फलंदाजांना चेंडू टाकायचा. बस चालवताना त्याने कुत्र्याच्या शेपटीलाही कधी धक्का लावला नाही. चेंडूचं मात्र काही खरं नव्हतं. ऑर्लो बघायचा फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातमोज्याकडे आणि चेंडू जायचा फलंदाजाच्या बरगडीची विचारपूस करायला.

सामना संपला की बायकोने भाजलेले दालचिनीचे रोल घेऊन तो समोरच्या संघाच्या खोलीत माफी मागायला जायचा. रोल असे झकास की काही फलंदाज चेंडू खायला मुद्दामच फलंदाजीच्या प्लेटला चिकटून उभे राहतात, असा गावाला दाट संशय होता.

त्या वर्षी ऑगस्टपर्यंत बडवलेले एकवीस जण झाले. ब्रॅमवेलविरुद्धच्या रविवारच्या सामन्याआधी मॅनेजर लूमिसने त्याला बाजूला घेतलं.

"ऑर्लो, हात चांगलाय तुझा अजून. पण वरचे लोक हात बघत नाहीत, आकडे बघतात. आज बाविसावा झाला, तर सामान बांध. मग माझ्याकडे बघू नकोस."

ऑर्लो पस्तिशीचा होता. दुसरा कुठलाही संघ त्याला दारात उभं करणार नव्हता. खेळ सुटला तर उरलेलं आयुष्य बसच्या आरशात बघून पोरांवर खेकसण्यात जाणार होतं, आणि त्याला तर धड खेकसताही येत नव्हतं.

पहिले काही डाव त्याने जीव मुठीत धरून काढले. चेंडू अंगापासून इतके लांब टाकले की फलंदाजांना जांभया आल्या. तिसऱ्या डावात त्याचाच कॅचर एफ्राइन मोरा याने चेंडू कुंपणापार धाडून, एक आपली आणि एक आधीच बेसवर असलेल्या गड्याची, अशा दोन धावा काढल्या. इथवर सगळं छान होतं. पण एफ्राइन पळायचं सोडून, बॅट खांद्यावर घेऊन, आपल्याच फटक्याकडे नव्या सुनेकडे बघावं तसा कौतुकाने बघत उभा राहिला. ब्रॅमवेलच्या पिचरने ते मनात ठेवलं. पाचव्या डावात एफ्राइन पुन्हा आला तेव्हा पहिलाच चेंडू त्याच्या पाठीत बसला.

"निसटला हातातून," ब्रॅमवेलचा पिचर आकाशाकडे बघत म्हणाला.

या खेळाचा एक कायदा कुठल्याही पुस्तकात छापलेला नाही, आणि छापलेल्या सगळ्या कायद्यांपेक्षा तो कडक पाळला जातो. तुमचा माणूस मारला की तुमच्या पिचरने त्यांचा एक मारायचा. जो मारत नाही त्याच्याशी जेवणाच्या टेबलावर कुणी मीठ मागण्यापुरतंसुद्धा बोलत नाही. बाकावरचे सगळे ऑर्लोकडे बघायला लागले.

"बॉस?" ऑर्लोने लूमिसला विचारलं.

"मी काही बघितलं नाही, ऐकलं नाही," लूमिस म्हणाला. "सकाळी बोललो ते मात्र विसरलो नाही."

"ऑर्लो," एफ्राइन पाठ चोळत म्हणाला, "मी काही म्हणत नाही हं. फक्त श्वास घेताना दुखतंय."

झालं. ऑर्लोला नोकरीचं दुःख झालंच, पण एफ्राइनचं तोंड बघवेना. गेली तर गेली, असं ठरवून तो मैदानात गेला.

समोर ब्रॅमवेलचा सगळ्यात धिप्पाड फलंदाज आला. आपली पाळी आहे हे त्यालाही ठाऊक होतं. त्याने शहाण्या माणसासारखी मांसल बाजू पुढे केली आणि डोळे मिटले. ऑर्लोने आयुष्यात पहिल्यांदा माणसावर नेम धरला आणि सगळा जीव ओतून चेंडू टाकला.

चेंडू प्लेटच्या बरोबर मधोमध गेला. असा चेंडू फलंदाजाने सोडला की स्ट्राइक. तीन झाल्या की बाद. त्याच ठिकाणी दुसरा गेला, तिसरा गेला. धिप्पाड गडी बाजू पुढे करून उभाच राहिला आणि बॅट न हलवता बाद झाला.

"मारतोयस की लाड करतोयस?" एफ्राइन धावत आला.

"शपथ घेऊन सांगतो, त्याच्या मांडीवरच नेम धरला होता!"

एफ्राइनने मागे वळून त्या धिप्पाड गड्याकडे बघितलं. मग हातमोजा तोंडावर धरून कुजबुजला, "लेका, नऊ वर्षं फुकट घालवलीस! आता येईल त्याच्या मांडीवर नेम धर."

नवव्या, शेवटच्या डावात पहिला गडी गेला तोवर ब्रॅमवेलचे दहा जण ओळीने बाद झाले. कॉर्नेट फॉल्सची मंडळी उभी राहून ओरडत होती. लूमिस टोपी चघळत होता. आता दोनच गडी बाद करायचे होते, तेवढ्यात ब्रॅमवेलचा बदली फलंदाज म्हणून डेलबर्ट क्रूस बॅट घेऊन आला.

ब्रॅमवेलकडे जाण्याआधी डेलबर्ट सहा वर्षं कॉर्नेट फॉल्सच्याच संघात होता, आणि दौऱ्यावर ऑर्लोच्या खोलीत राहायचा. ऑर्लोच्या मुलीला बाप्तिस्म्याच्या वेळी हातांत धरणारा तोच. त्याच्यावर नेम धरायचा? ऑर्लोच्याने ते होईना. त्याने जुन्या सवयीने, मनापासून, एफ्राइनच्या हातमोज्यावर नेम धरला.

चेंडू डेलबर्टच्या अंगठ्यावर आदळला.

 चेंडू अंगाला लागला की पहिला बेस फुकट, म्हणून पंचाने डेलबर्टला तिकडे पाठवायला हात वर केला. ऑर्लोला तो हात आपल्याच गळ्याकडे येतोय असं वाटलं. बाविसावा.

"कुठे पाठवताय, पंचसाहेब?" डेलबर्ट म्हणाला. "मला नाही लागला. बॅटच्या मुठीला लागला."

पंचाला वीस वर्षं झाली होती. न लागलेला चेंडू लागला म्हणून आईची शपथ घेणारे त्याने शेकड्यांनी पाहिले होते. लागलेला चेंडू लागला नाही म्हणणारा एकही नाही. असला माणूस खोटं कशाला बोलेल? बॅटला लागला असं धरून त्याने स्ट्राइक दिली.

ऑर्लो लगबगीने पुढे आला. डेलबर्टचा अंगठा डोळ्यांदेखत वांग्यासारखा होत होता.

"डेल, मी..."

"गप. आज सकाळची गोष्ट मला लूमिसच्या ड्रायव्हरकडून कळलीय. आता मैत्री पुरे. सगळ्यांवर धरलास तसा माझ्यावर नेम धर."

ऑर्लोचे डोळे भरून आले. त्याने डेलबर्टच्या मांडीवर नेम धरला, मनातल्या मनात माफी मागितली, आणि टाकला. चेंडू मधोमध आला. तिथेच येणार हे डेलबर्टला ठाऊक होतं. त्याने उरलेल्या नऊ बोटांनी तो धावफलकावरून पार केला, आणि मागे वळूनही न बघता खाली मान घालून बेसमागून बेस पळाला.

एक धाव गेली. उरलेले दोन गडी ऑर्लोने मांडीवर नेम धरून काढले आणि सामना दोन विरुद्ध एक असा जिंकला. लूमिसने चघळलेली टोपी डोक्यावर ठेवली. "कुंपणापार मार कुणालाही बसतो. बाविसावा झाला नाही. उद्या वेळेवर ये."

डेलबर्टला गाडीची किल्ली फिरवता येईना, म्हणून ऑर्लोच त्याला इस्पितळात घेऊन निघाला. अंगठा मोडल्यासारखा दिसत होता. 

"डेल, देवाशप्पथ, मुद्दाम नाही मारला रे."

"अरे, ते काय मला सांगायला हवं?" डेलबर्ट म्हणाला. "मुद्दाम मारला असतास, तर लागला असता का?"